पाच आवाजांत मावणारं गाणं: फॅमिकॉमच्या चिपसाठी चाल बांधायची कशी आणि मांडायची कुठे

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून 'कॅसेट' लावायचे जे व्हिडिओ गेम आपल्याकडे घरोघरी आले, त्यांतले बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आलं. त्यातल्या रिकोहच्या २ए०३ या चिपमध्येच प्रोसेसर आणि आवाज दोन्ही होते. त्या चिपसाठी आजही जगभरचे लोक नवी गाणी लिहितात, एकमेकांच्या फाइली उघडून बघतात, तासाभराच्या स्पर्धा खेळतात. दीड मिनिटाची, न तुटता फिरत राहणारी चाल तयार करून ती या मंडळींपुढे ठेवण्यापर्यंतचं सगळं इथे सांगितलं आहे.

एक भेद आधी स्पष्ट करायला हवा. सिंथेसायझरच्या प्लगिनमध्ये '८-बिट' नावाचा आवाज निवडून वाजवलेलं गाणं चिपट्यून, म्हणजे अशा चिपवरचं संगीत, म्हणून खपतं, पण चिपट्यूनवाले ते मानत नाहीत. त्यांच्या लेखी कसोटी एकच: ही फाइल खऱ्या चिपवर वाजेल का? म्हणून इथे सगळं ट्रॅकरमध्येच करायचं, म्हणजे स्वर आणि आकडे वरून खाली ओळीओळीने लिहून गाणं बांधायच्या प्रोग्राममध्ये.

हाताशी काय हवं

विंडोजवर डीएन-फॅमिट्रॅकर घ्या, फुकट आहे. लिनक्सवर तो वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून, चालतो. ट्रॅकरचे उभे रकाने डोक्यात शिरत नसतील किंवा फोनवरच काम करायचं असेल, तर फॅमिस्टुडिओ घ्या. त्यात पियानो रोल, म्हणजे स्वर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारी पाटी, आहे आणि तो अँड्रॉइडवरही चालतो. खालच्या सूचना ट्रॅकर धरून दिल्या आहेत. कारण साधं आहे: स्पर्धांतल्या पुष्कळ फाइली फॅमिट्रॅकर घराण्यातल्या असतात आणि दुसऱ्याची फाइल उघडून वाचण्याइतकी चांगली शिकवणी नाही. हेडफोन कसलेही चालतील. लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र बेस ऐकूच येत नाही आणि मग माणूस तो नको तितका वर नेतो.

पाच आवाज, प्रत्येकाची खोड वेगळी

दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक डीपीसीएम, म्हणजे सॅम्पलचा (ध्वनिमुद्रित तुकड्याचा) आवाज. बस, एवढंच भांडवल.

पल्सला आवाजाच्या १६ पायऱ्या आहेत आणि ड्यूटी (लाट किती वेळ वर राहते ते प्रमाण) चार: १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. १२.५ टक्क्यांचा आवाज बारीक आणि नाकातला, ५० चा पोकळ, बासरीकडे झुकणारा. ७५ आणि २५ कानाला सारखेच लागतात, कारण लाट तीच, फक्त उलटी. म्हणजे खरे रंग तीनच. पल्स साधारण ५५ हर्ट्झच्या खाली जात नाही. वरच्या टोकाला वेगळी अडचण आहे. चिप स्वर मोजते ती पूर्णांकात, त्यामुळे खूप वरचे स्वर बेसूर होतात. ३५२० हर्ट्झ मागा, चिप जवळात जवळचा म्हणून ३४९६ च्या आसपासचा देते. हा फरक सुमारे १२ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या आठव्या हिश्शाएवढा. एकट्या सुरात खपून जाईल, पण खाली दुसरा पल्स तोच स्वर धरून असेल तर खटकेल. चाल एक सप्तक खाली आणा, बाकी उपाय नाही.

ट्रँगलला आवाज कमी-जास्त करताच येत नाही. चालू किंवा बंद. ट्रॅकरमध्ये तीच नोट ट्रँगलवर पल्सपेक्षा एक सप्तक खाली वाजते, म्हणून बेस बहुतेक वेळा इथेच. नॉइजला १६ पायऱ्या आणि दोन पद्धती आहेत. लांब पद्धतीत खरखर येते, तर आखूड पद्धतीत फक्त ९३ पायऱ्यांचा नमुना फिरत राहतो आणि पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखा, जवळजवळ सुरातला आवाज निघतो.

डीपीसीएम सगळ्यात हट्टी. दर वेळी एक बिट वाचायचा आणि ० ते १२७ या पातळीत दोन पायऱ्या वर किंवा खाली जायचं, एवढंच त्याला येतं. एक सॅम्पल जास्तीत जास्त ४०८१ बाइटचं. सर्वात वरच्या दराने, म्हणजे सुमारे ३३,१४४ हर्ट्झने, ते एक सेकंदही पुरत नाही. सगळ्या सॅम्पलना मिळून जागा १६ किलोबाइट, म्हणजे त्या दराने चारेक सेकंद. तबल्याचा 'ना' ०.१५ सेकंदात कापला तर ६२० बाइटच्या आसपास बसतो. तबला-ढोलकीचे चार-पाच बोल आरामात मावतात, गाणारा आवाज मावत नाही.

वेग आणि ओळी

नवीन फाइल उघडली की टेम्पो १५०, स्पीड ६ आणि पॅटर्न (गाण्याचा एक तुकडा, एक पान) ६४ ओळींचा असतो. याचा अर्थ समजून घ्या. यंत्र सेकंदाला ६० वेळा आवाज बदलतं, त्या प्रत्येक ठोक्याला आपण इथे टिक म्हणू. स्पीड ६ म्हणजे एक ओळ सहा टिकची. चार ओळींची एक मात्रा धरली तर मिनिटाला १५० मात्रा झाल्या.

टेम्पो १५० च ठेवून फक्त स्पीड बदला. ५ ला १८० मात्रा मिळतात, ७ ला साधारण १२८.५, ८ ला ११२.५. टेम्पोच्या चौकटीत १४० लिहिलं तर एका ओळीला ६.४३ टिक येतात. अर्धी टिक यंत्राला माहीत नाही, म्हणून काही ओळी सहाच्या आणि काही सातच्या होतात. लय लंगडते, झटक्यात वाजणारे बोल दर वेळी वेगळे ऐकू येतात आणि नवखा माणूस दोष ड्रमच्या आवाजात शोधत बसतो. मधला वेग हवाच असेल तर ग्रूव्ह वापरा: एक ओळ सातची, एक सहाची, ठरवून. तेच प्रमाण वाढवून ८ आणि ४ केलं की झुलती लय मिळते.

६४ ओळींत १६ मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन किंवा केरव्याची दोन. दादऱ्यासाठी ओळी ४८ करा. रूपकाची दोन आवर्तनं ५६ ओळींत बसतात. ओळी रंगवण्याची सेटिंग मूळची ४ आणि १६ असते, ती ४ आणि २८ करा, नाहीतर सम कुठे आहे ते डोळ्याला दिसत नाही आणि हात सवयीने चारचारात भरत जातो.

वाद्यं बांधणं

इथेच खरा वेळ घाला. वाद्य म्हणजे आकड्यांची रांग, दर टिकला एक आकडा. हायहॅटसाठी (ड्रमच्या झांजेसाठी) नॉइजवर आवाजाची रांग ६ ३ १ ०, चार टिकमध्ये संपते. स्नेअरसाठी (कडक वाजणाऱ्या ड्रमसाठी) १५ ११ ८ ६ ४ ३ २ १ ०. शेवटचा ० विसरू नका. रांगेतला शेवटचा आकडा तसाच धरून ठेवला जातो, त्यामुळे १ वर संपलेली रांग पुढची नोट येईपर्यंत बारीक खरखर करत राहते. मिश्रणात ती कळत नाही. गाणं थांबतं तिथे कळते.

किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ट्रँगलवरच काढा, डीपीसीएम वाचेल. अर्पेजिओच्या रांगेत, म्हणजे दर टिकला सूर किती अर्धे स्वर वर-खाली न्यायचा त्या आकड्यांत, १२ ७ ० -५ -१२ आणि आवाजाच्या रांगेत १५ १५ १५ १५ १५ ०. सूर पाच टिकमध्ये दोन सप्तकं कोसळतो आणि कानाला 'धप्' ऐकू येतं. त्याच ओळीवर नॉइजचा एक आखूड ठोका ठेवला की किकला टोक येतं. बेसची नोट किकनंतरच्या ओळीवर सुरू करा. दोघांना एकच आवाज वाटून घ्यायचा आहे, पण शंभरातल्या नव्वद श्रोत्यांना बेस मध्येच थांबला होता हे कळतही नाही.

मुख्य सुरावटीच्या पल्सला सपाट १५ देऊ नका. १५ १३ १२ ११ १० अशी उतरती रांग आणि १० वर लूप (तिथेच फिरत राहणं) पुरे. ड्यूटीची रांग वेगळी: पहिल्या दोन टिक १२.५ टक्के, मग २५. सुरुवातीला नखाने तार छेडल्यासारखी कड येते. एवढ्या एका बदलाने 'खेळण्यातला आवाज' हा शेरा बराचसा टळतो.

तीन स्वरांचा कॉर्ड एका पल्सवर वाजवायचा तर ते स्वर एकापाठोपाठ झपाट्याने फिरवायचे. रांग ० ४ ७ आणि लूप: मेजर. ० ३ ७: मायनर. दर टिकला स्वर बदलला तर सेकंदाला २० फेऱ्या होतात आणि आवाज गुणगुणतो. ० ० ४ ४ ७ ७ केलं तर १० फेऱ्या, तेव्हा स्वर सुटे ऐकू येतात. चिपट्यूनची ओळख झालेला आवाज हाच. म्हणूनच तो जपून वापरावा. दीड मिनिट अखंड फिरणारा अर्पेजिओ कान किटवतो. दुसऱ्या पल्सवर त्याऐवजी प्रतिध्वनी ठेवून बघा: पहिल्या पल्सची सुरावट जशीच्या तशी उतरवा, तीन ओळी खाली सरकवा, आवाजाच्या रकान्यात ५ द्या आणि 'पी' इफेक्टने सूर किंचित हलवा. 'पी ८०' म्हणजे मधोमध, 'पी ८१' पुरतं.

आवाजाच्या रकान्यातला आकडा आणि वाद्याच्या रांगेतला आकडा यांचा गुणाकार होऊन १५ ने भागला जातो, हे लक्षात असू द्या. रांगेत ४ आणि रकान्यात ४ म्हणजे जेमतेम १. नाजूक उतार असा एकाच पायरीत चिरडला जातो. हळू आवाजासाठी वेगळं वाद्य बांधलेलं बरं.

लिहिताना होणारे घोळ

स्पेस दाबली की संपादन चालू-बंद होतं. झेडपासूनची रांग खालचं सप्तक, क्यूपासूनची वरचं. १ दाबला की नोट तोडली जाते. एफ५ ने सुरुवातीपासून वाजतं, एफ८ ने थांबतं. हे हाताला बसायला एक संध्याकाळ पुरते. त्यानंतरचे घोळ मात्र सगळ्यांचे ठरलेले असतात.

पहिला: इफेक्ट चिकटतात. मींड घेण्यासाठी ३ चा इफेक्ट लावला की तो पुढच्या प्रत्येक नोटेला लागू राहतो आणि सगळी चाल घसरत जाते. मींड संपली तिथे '३००' लिहा. कंपनाच्या ४ ला '४००', अर्पेजिओच्या ० ला '०००'. गाणं फिरून सुरुवातीला येतं तेव्हा शेवटचे इफेक्ट सोबत घेऊन येतं. पहिली फेरी स्वच्छ आणि दुसरी बेसूर, अशी तक्रार आली तर आधी हेच बघा. जिथे गाणं परत येतं त्या ओळीवर प्रत्येक आवाजाचे इफेक्ट शून्यावर आणि सूर 'पी ८०' वर आणून ठेवण्याची सवयच लावा.

दुसरा: लूप. शेवटच्या ओळीवर 'बी ०१' लिहिलं की गाणं ०१ क्रमांकाच्या फ्रेमवर (पॅटर्नच्या क्रमातल्या त्या जागेवर) उडी मारतं आणि ०० मधली प्रस्तावना पुन्हा वाजत नाही. फ्रेमची गणती शून्यापासून असते. प्रस्तावना दोनदा वाजली तर नव्वद टक्के वेळा चूक इथेच सापडते.

तिसरा घोळ खरा चिपचा आहे आणि ऐकल्याशिवाय पटत नाही. ४४० हर्ट्झच्या ए वर पल्सला कंपन लावा. 'टिक टिक टिक' असा बारीक आवाज येईल. चिपमध्ये स्वराचा आकडा दोन तुकड्यांत लिहिला जातो. वरचा तुकडा बदलला की लाट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि त्या तुटण्याचा टकटकाट ऐकू येतो. ४४० साठी आकडा २५३ आहे. २५५ वरून २५६ ला जाताना वरचा तुकडा बदलतो, आणि कंपन नेमकं ती रेषा ओलांडत असतं. २२० आणि ११० च्या ए वरही तेच. उपाय तीन: कंपन दोन आकड्यांच्या आत ठेवा, त्या नोटेला कंपन देऊच नका, किंवा सगळं गाणं अर्धा स्वर वर घ्या. तिसरा उपाय सगळ्यात कमी वापरला जातो आणि सगळ्यात सोपा आहे.

डीपीसीएमचाही असाच एक छुपा परिणाम आहे. सॅम्पल संपतं तेव्हा पातळी जिथे असेल तिथेच राहते. ती वर राहिली तर ट्रँगल आणि नॉइज दबतात, कारण हे तिन्ही आवाज एकाच वाटेने बाहेर पडतात. तबल्याच्या प्रत्येक बोलानंतर बेस उगाच हळू झाल्यासारखा वाटला तर 'झेड ००' ने पातळी खाली आणा. मध्ये एक बारीक 'टप्' येईल, तो पुढच्या ठोक्यावर टाकला की झाकला जातो. वेव्ह फाइल आत घेताना आवाज फार वाढवू नका. दोन-दोन पायऱ्यांनी चढणाऱ्या चिपला मोठी, झपाट्याची लाट गाठता येत नाही आणि सॅम्पल फुसफुसतं.

फाइल बाहेर काढताना

तीन गोष्टी काढा: ट्रॅकरची मूळ फाइल, एनएसएफ आणि वेव्ह.

एनएसएफमध्ये गाणं आणि ते वाजवणारा छोटा प्रोग्राम दोन्ही असतात. शीर्षक, नाव आणि हक्क यांसाठी प्रत्येकी ३२ बाइट, त्यातला शेवटचा रिकामा. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. म्हणजे ३१ बाइटमध्ये जेमतेम दहा चिन्हं, आणि पुष्कळ प्लेअर त्यांचाही कचरा दाखवतात. फाइलच्या आत नाव रोमन लिपीत द्या आणि पानावर मराठीत लिहा. एनएसएफ ट्रॅकरबाहेर, दुसऱ्या प्लेअरमध्ये ऐकून बघा. व्हीएलसी चालतो. किमान दोन फेऱ्या होईपर्यंत ऐका.

वेव्ह काढताना 'दोन वेळा वाजव' असं सांगा आणि शेवट दुसऱ्या कुठल्याही ऑडिओ प्रोग्राममध्ये आठ-दहा सेकंदांत विरवा. शिखर -१ डेसिबलवर आणून थांबा. कॉम्प्रेसर (मोठ्या आणि हळू आवाजांतला फरक कमी करणारं साधन) लावू नका. चार पायऱ्यांचा नाजूक उतार बांधायला तासभर घातला, तो कॉम्प्रेसर एका क्षणात सपाट करतो. पाचही आवाज सुटे काढून ठेवलेत तर कॉरस्कोप या प्रोग्राममध्ये प्रत्येक आवाजाची नाचती रेघ दाखवणारा व्हिडिओ करता येतो. चिपट्यूनच्या श्रोत्यांना तो नुसत्या चित्रापेक्षा कितीतरी आवडतो, कारण पाच रेघांत काय काय कोंबलं आहे ते दिसतं.

गाणं ६० हर्ट्झचं असेल आणि कुणी ते ५० हर्ट्झच्या यंत्रावर वाजवलं, तर १५० ची लय १२५ वर येते. याच यंत्राच्या युरोपी आवृत्तीवर (एनईएस) सूरही अर्ध्या स्वराहून जास्त उतरतो. आपल्याकडच्या अनेक नकली यंत्रांत सूर जवळजवळ जागेवर राहतो, पण २५ आणि ५० टक्के ड्यूटीची अदलाबदल झालेली असते. जुन्या खेळाचं संगीत इंटरनेटवर ऐकताना 'आमच्या घरी असं नव्हतं' वाटतं, त्यामागे हे कारण असू शकतं.

मांडणं

बॅटल ऑफ द बिट्स या ठिकाणी ठरलेल्या चिपवर, ठरलेल्या मुदतीत स्पर्धा चालतात. तासाभराच्याही असतात. तासाभराच्या स्पर्धेला उतरताना वाद्यं आधीच बांधलेली फाइल जवळ ठेवावी, नियमात ती चालते का एवढं पाहून. पहिली पाच मिनिटं लय आणि स्वर ठरवायला, पुढची पंचवीस मुख्य आठ मात्रांच्या ओळींना, पंधरा दुसऱ्या भागाला, आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला हात थांबवून फाइल बाहेर काढायला सुरुवात. शेवटच्या दोन मिनिटांत केलेला 'छोटासा' बदल हमखास लूप मोडतो. मुदत बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेली असते. रविवार ००:०० म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाच, शनिवारी रात्र जागायची. रविवारी रात्री पोचलात तर दार बंद झालेलं असतं.

वर्ग नीट निवडा. व्हीआरसी६ सारखी जोडचिप लावली की आणखी दोन पल्स आणि एक सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या लाटेचा आवाज) मिळतो, पण 'फक्त २ए०३' असं लिहिलेल्या वर्गात तशी फाइल बाद होते. फॅमिट्रॅकरच्या वेगवेगळ्या शाखांच्या फाइली एकमेकांत उघडतीलच असं नाही, तेव्हा कोणत्या शाखेत आणि कोणत्या आवृत्तीत लिहिलं ते वर्णनात द्या.

स्पर्धेबाहेर मांडायचं तर संगीत विकायच्या बँडकॅम्प या साइटला लॉसलेस (आवाजाचा तपशील न गाळणारी) फाइल लागते, एमपी३ चालत नाही. सोबत मूळ फाइलही द्या. इथला व्यवहारच असा आहे: तुम्ही दुसऱ्याचा स्नेअर उघडून बघता, तुमचाही कुणी बघेल. वाद्यं कुणाच्या फाइलमधून उचलली असतील तर नाव लिहा. परवाना एका ओळीत सांगा, उदाहरणार्थ 'श्रेय देऊन वापरा, धंद्यासाठी विचारा'. तेवढं नसेल तर गेम बनवणारा माणूस इच्छा असूनही तुमच्या गाण्याला हात लावत नाही. सिनेमातल्या गाण्याची चिपट्यून केली तर ती 'कव्हर' म्हणूनच मांडा. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे आपल्या आवडीची बहुतेक गाणी अजून हक्कातच आहेत.

अभिप्राय मागताना 'कसं वाटलं?' विचारलं तर 'छान' मिळतं. '०:४१ ला दुसरा पल्स सुरावटीवर चढतो का?' विचारलं तर कुणीतरी फाइल उघडून सांगतं की दोन्ही पल्सची ड्यूटी ५० आहे, खालच्याला १२.५ दे. दुसऱ्याच्या गाण्यावर लिहितानाही वेळ, आवाज आणि ओळ क्रमांक द्या. दुरुस्त केलेली फाइल जुनीवर चढवू नका. नावापुढे ०२ लावा, म्हणजे आधीच्या शेऱ्यांतले ओळ क्रमांक जुन्या फाइलशी जुळत राहतात.